देठाजवळचा हिरवा

पांढुर्ण्याच्या दुकानात मी पुण्यातल्या नातवाच्या टोपीसाठी लोकर बघत होते. शेजारी एक बाई नारंगी गुंडे एकेक करून गालाला, मग मानेला लावून पाहत होत्या. टोचला की बाजूला. जो मऊ लागला तो घेऊन त्या बाहेर उन्हात गेल्या, पिशवीतून संत्रा काढला आणि गुंड्याशेजारी धरला.

"हा नाही भाऊ. हा तं शरबताचा रंग झाला."

दुकानदार न कुरकुरता गुंडे काढत राहिला. शेवटी एक जुळला. मग त्यांनी थोडी हिरवी लोकर मागितली.

"हिरवी कायले?" मी विचारलं.

"पोरीसाठी मफलर विणून राहिली. दिल्लीले नोकरी लागली तिले. आमच्या गावची, सौंसरची, संत्र्याची पेटी नेली तिनं, तं हिरवे पाहून कोणी हात नाही लावला. कच्चे आहेत म्हणे." त्यांनी संत्र्याच्या देठाजवळची हिरवी साल माझ्यापुढे धरली. "म्हणून काठाले हिरवा टाकीन. गळ्यात घालून फिरन पोरगी, अन् कोणी विचारलं तं सांगन, आमचा संत्रा असाच पिकते."

जाताना तो संत्रा त्यांनी माझ्या हातात ठेवला. जन्मभर संत्रे खाल्लेली मी, तरी बाहेर पायरीवर येऊन तिथंच सोलला. साखरेसारखा गोड होता.

परत आत जाऊन मी टोपीसाठी त्यांचाच नारंगी घेतला, आणि वरच्या गोंड्यासाठी हिरवा.