पाया मीच खणायला लावला होता

परवाच्या रविवारी चर्चमध्ये उपासना संपल्यावर चहा चालला होता, तेव्हा आमच्या मंडळीच्या खजिनदारांनी तो विनोद पुन्हा सांगितला. नेपाळातला गवंडी, त्याच्या हातात भिंत सरळ आहे का ते पाहायचा ओळंबा देतात, तर तो विचारतो, "ही दोरी कशाला? भिंतीला फाशी द्यायचीय का?" सगळे हसले. शब्बाथ शाळेची, रविवारी बायबल शिकायला येणारी पोरंसुद्धा हसली, ज्यांनी तो माणूस कधी पाहिलेला नाही.

मी कप खाली ठेवला. म्हणालो, "असं तो कधीही बोललेला नाही. ओळंबा त्याचा स्वतःचा होता, पितळी. आणि माझ्यापेक्षा त्याला तो बरा धरता येत होता."

"आवं सायेब, गंमत हाय. एवढं काय लावून घेताय?" खजिनदार म्हणाले.

आठ वर्षं ही गंमत चालू आहे. आठ वर्षं मीही तिच्यात दात काढत आलो. आता मी एक्क्याऐंशी वर्षांचा आहे आणि मला हसवत नाही, कारण तो विनोद माझ्या सहीवर उभा आहे.

भूकंपात नेपाळच्या डोंगरात एका गावची दोन खोल्यांची शाळा पडली होती. आमच्या मंडळीने ती बांधून द्यायचं ठरवलं. पाळकसाहेब, खजिनदार, मिरजेच्या दोन निवृत्त नर्सबाई, काही तरुण आणि मी, असे निघालो. सगळे त्याला मिशन ट्रिप म्हणत. पासपोर्ट न लागणाऱ्या परदेशी मी निघालो म्हणून आमच्या गल्लीत माझी पुष्कळ चेष्टा झाली. मला नेलं ते बांधकामासाठी. मी सरकारी खात्यात ओव्हरसियर होतो. निम्मी नोकरी साताऱ्याकडे, निम्मी सांगलीत.

माझी राहायची सोय गावातल्या गवंड्याच्या घरी झाली. त्याने पुण्याकडच्या साइटवर दहा वर्षं काढली होती, मराठी चांगलं बोलायचा. मला पहिल्या दिवसापासून 'दादा' म्हणाला. घरात त्याची बायको आणि म्हातारी आई.

माझी बायको जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. मुलं आपापल्या गावी, फोन रविवारी. घरी डबा यायचा, मी खायचो, रिकामा डबा जायचा. त्या सहा वर्षांत मी काय खातो आणि काय टाकतो हे कोणी पाहिलं नव्हतं. त्या घरात दुसऱ्याच दिवशी मी ताटात भात ठेवला, तर म्हातारी माझ्यावर कडाडली. एक अक्षर कळलं नाही.

"आई काय म्हणतात?" मी गवंड्याला विचारलं.

"काही नाही दादा. जेवा म्हणते."

"एवढंच? एवढं लांबलचक बोलल्या त्या."

"मधे शिव्या आहेत."

मी भात संपवला. तिसऱ्या दिवसापासून तिने माझ्यापुढे शेंगा निवडायला टाकल्या. सुनेने माझ्या गुडघ्यांना मोहरीचं तेल गरम करून दिलं आणि मी ते लावलं नाही तर नवऱ्याकडे तक्रार केली. माझ्यावर रागावणारी माणसं मला पुन्हा मिळाली होती. मी गेलो होतो उपकार करायला, आणि तीनच दिवसांत त्या घरचा सर्वांत लाडावलेला मुलगा झालो होतो, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी.

आता पायाचं सांगतो.

कृष्णाकाठच्या काळ्या मातीत घर बांधायचं तर मुरूम लागेपर्यंत खणायचं, हा आमचा धर्म. काळी माती उन्हाळ्यात फाटते, पावसात फुगते, तिच्यावर भरवसा ठेवायचा नाही. शाळेची जागा होती डोंगराच्या उतारावरची एक पायरी. तिच्या डोक्यावर रचीव दगडांचा बांध, आणि बांधावर गवंड्याचं नाचणीचं शेत. मी बांधाच्या बुडाशी पाच फूट खोल चर आखला.

गवंडी चराच्या काठावर उकिडवा बसला. "दादा, दोन फूट पुरे. खाली खडक आहे, तो तिरका आहे. डोंगराचं पोट फाडलं की वरचं खाली येतं."

"मी उभा जन्म पाये घातलेत."

"घातले असतील. तुमच्या गावात."

सगळ्यांसमोर बोलला, म्हणून मला लागलं. मी म्हणालो, "साहेब कोण आहे इथे?" तो उठला आणि त्याने माझ्या आखणीप्रमाणे खणलं. त्या माणसाने माझं ऐकलं, हा त्याचा एकमेव दोष.

मला माहीत नव्हतं असं कोणी म्हणू नये. साताऱ्याच्या घाटात पावसाळ्यामागून पावसाळे मी रस्त्यावरच्या दरडी उचलल्या आहेत. डोंगराचा पायथा कापल्यावर काय होतं ते मला पाठ होतं. पण गवंड्याने साहेबाला शिकवायचं, हे मला सहन झालं नाही.

भिंत कमरेएवढी आली आणि एका दुपारी जोराचा पाऊस लागला. आम्ही चहा घेत होतो. आधी बांधाचे दगड सुटले, मग त्यामागून शेत आलं. चर, भिंत, नाचणी सगळं एक झालं. माणूस कोणी त्याखाली सापडला नाही, ही देवाची कृपा. माझी हुशारी त्यात काही नव्हती.

घरी कोणी मला एक शब्द बोललं नाही. मी मुद्दाम ताटात भात ठेवला, तरी म्हातारी गप्प. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा कडाडली, आणि त्या घराने मला माफ केलं हे मला कळलं. मी खाली मान घालून जेवलो.

मग त्या गवंड्याने गावकऱ्यांना घेऊन दोन फुटांवर, खडकात खाचा पाडून पाया घातला. आमची सुट्टी संपली, आम्ही परतलो. शाळा त्याने पुरी केली. ती आजही उभी आहे. त्या गवंड्याने बांधलेली.

इकडे अहवाल लिहायची वेळ आली. बांधकामाचा भाग माझ्याकडे. मी खरं लिहिलं होतं, हे माझ्या बाजूने एवढंच सांगता येईल. खजिनदार पाळकसाहेबांसोबत कच्चा कागद घेऊन घरी आले. म्हणाले, "सायेब, हे असं गेलं तर मंडळीची नाचक्की हुईल. तुमचं बी नाव जाईल. गवंड्याचं काम कच्चं हुतं म्हणू. त्यो कुठं हितं वाचाया येतोय?"

पाळकसाहेब खिडकीबाहेर पाहत होते. मी सही केली.

अहवालाची प्रत नेपाळातल्या त्या समितीला गेली, जी आसपासच्या गावांत पडलेल्या शाळा बांधत होती. तिने त्याला पुढे एकही काम दिलं नाही. मला हे कळलं तीन वर्षांनी, त्याच्याच फोनवरून. त्याने नाताळच्या शुभेच्छा दिल्या, माझ्या गुडघ्यांचं विचारून आईला सांगितलं, आणि मग विचारलं, "दादा, ते तुम्ही लिहिलंत का?"

मी म्हणालो, "नाही रे. मंडळीच्या ऑफिसने परस्पर लिहिलं."

"वाटलंच मला," तो म्हणाला. "दादा असं लिहिणार नाहीत, मी घरी सांगितलं होतं."

त्यानंतर तो दर नाताळला फोन करत राहिला. दर नाताळला मी त्याचा दादा होत राहिलो.

परवाच्या चहानंतर मी मंडळीच्या पंचांच्या सभेत उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. मंडळीच्या कागदावर दुरुस्तीचं पत्र द्या, एवढंच मागितलं. एक पंच म्हणाले, जुनं कशाला उकरता. दुसरे म्हणाले, तुमचं वय झालंय, मनाला लावून घेऊ नका. पाळकसाहेबांनी प्रार्थना करू या म्हटलं. त्यांनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत. पापाची कबुली द्या म्हणून आम्हाला जन्मभर सांगणारी ही माणसं. एकाने खरीच दिली, तर त्याला घरी जाऊन विश्रांती घ्यायला सांगतात. पत्र मिळालं नाही. सभेच्या इतिवृत्तात माझं बोलणं 'एका ज्येष्ठ सभासदाने जुन्या आठवणी सांगितल्या' एवढंच आहे.

घरी येऊन मी गवंड्याला फोन लावला. सांगितलं. रडलोही, ते लपवत नाही. त्याच्या मागे भांड्यांचा आवाज येत होता.

"आई ऐकतेय का?" मी विचारलं.

"नाही. तिला मी आज सांगणार नाही." मग म्हणाला, "कागदावर लिहून द्या. हिंदीत. सही करून. मला दाखवायला कागद पाहिजे दादा, तुमचं रडणं मी कुणाला दाखवू?"

'दादा' म्हणाला. पण शुभेच्छा न देता फोन ठेवला.

मंडळीचा कागद नव्हता, म्हणून मी साध्या कागदावर हिंदीत लिहिलं. उताराच्या छेदाची आकृती काढली, बांध, शेत, चर, सगळी मापं घातली. खाली लिहिलं: चराची खोली पाच फूट, ठरवली मी. गवंड्याने दोन फूट सांगितलं होतं, सर्वांसमोर. त्याचं बरोबर होतं. सही, हुद्दा, पत्ता. काल मिरजेच्या पोस्टात जाऊन गवंड्याच्या नावाने रजिस्टर केलं. त्याची एक प्रत खजिनदारांच्या घरी दिली आणि दुसरी शब्बाथ शाळेच्या बाईंना, पोरांना वाचून दाखवा म्हणून.