समोरच्यानं ठेवल्याशिवाय

“बोला, लाइन चालू आहे.”

फोन उचलला की शेजारच्या मावशी हेच म्हणायच्या. ‘हॅलो’ कधी नाही. त्यांची सगळी नोकरी धाराशिवच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लाइनी जोडायच्या बोर्डासमोर गेली होती. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, दोन्ही गुडघे गेले, पण घंटा वाजली की त्यांना बसवत नसे. भिंत धरत निघायच्या, जणू आत कुणाचं पोर रडतंय.

दुसरं एक ठरलेलं. “समोरच्यानं ठेवल्याशिवाय आपण ठेवायचा न्हाय.” कर्ज देणारे, विमा विकणारे, सगळ्यांचं त्या शेवटपर्यंत ऐकायच्या. प्लॉट विकणाऱ्या एका मुलीला खोकला आला, तर तिला अडुळशाचा काढा कसा करायचा ते सांगितलं. मुलगी लिहून घेत होती म्हणे.

तुमच्याही गल्लीत असं कुणीतरी असेल. गंमत वाटते. मला वाटत नसे. मी ढोकीकडच्या एका कारखान्यात हिशेब बघतो. आकडा जुळला नाही तर मला घास जात नाही. आमची भिंत सामाईक. तिकडून “बोला” ऐकू आलं की मी ताटावरून कान देऊन बसे. बायको म्हणे, “जेवा. त्यांचा फोन आहे, तुमचा नाही.”

एका रविवारी दुपारी भिंतीपलीकडचं बोलणं संपेचना. “हो साहेब. दाबलं साहेब. आता काय आलंय ते वाचू का?” मी अनवाणीच गेलो.

मोबाइल मावशींच्या हातात, स्पीकरवर. पलीकडचा माणूस अदबीनं पण घाईघाईनं बोलत होता. इंटरनेट कंपनीतून बोलतोय, तुमच्या राउटरवरून चुकीच्या साइट उघडल्यात, आज कनेक्शन बंद होणार, वर तक्रारही जाणार. टाळायचं तर एक ॲप घ्या. ते मावशींनी घेतलं होतं, त्यानं विचारलेला नंबरही वाचून दाखवला होता. म्हणजे आता त्यांच्या मोबाइलवर जे दिसेल ते त्याला दिसणार होतं. पुढची पायरी तो सांगतच होता : बँकेचं ॲप उघडा, राउटरसाठी भरलेलं डिपॉझिट परत पाठवतो.

त्या खात्यात गुडघ्यांच्या ऑपरेशनचे पैसे होते. सोलापूरच्या डॉक्टरांनी तारीख दिलेली होती. दुसरी शिल्लक मावशींकडे नव्हती.

“मावशी, ठेवा.”

त्यांनी जुन्या सवयीनं मोबाइलच्या तोंडावर तळहात धरला. “थांबा हो, माणूस बोलायलाय अजून.”

“चोर आहे तो.”

“आसंल. पण बोलायलाय ना.”

“कंपनीचा नंबर बिलावर आहे. हा ठेवा, तिकडं लावून विचारू. खरी कंपनी फोन ठेवू नका म्हणत नसते.”

त्यानं ऐकलं असावं. “मॅडम, बाजू में कौन है? किसी को बताना मत. फोन काटना मत.”

“न्हाय साहेब, बोला,” मावशी म्हणाल्या, आणि अंगठा बँकेच्या चित्राकडे न्यायला लागल्या.

मोबाइल हिसकावला असता. पण त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला होता. मी भिंतीपाशी गेलो आणि राउटरची पिन ओढली. मोबाइलवर त्या नेट टाकत नसत, सगळं त्या राउटरवरच.

“मॅडम, नेट बंद झालं. चालू करा, जल्दी.”

मावशींचा अंगठा थांबला. “तुमी बंदच करणार होता न्हवं? झालं की.”

पलीकडून एक शिवी, आणि फोन बंद.

“त्यानंच ठेवला,” मावशी समाधानानं म्हणाल्या.

ॲप काढून टाकलं. पासबुकावरच्या नंबरवर बँकेला सांगून खातं थांबवलं. पैसे जागेवर होते. मला मात्र बसवेना. उचलणारा नंबर म्हणून हा नंबर आता अशा चोरांच्यात फिरणार, हे दिसतच होतं.

तसंच झालं. कधी सिम बंद होणार, कधी पार्सल अडकलंय, कधी पुन्हा नेट. मावशी पैशांचं काही सांगत नसत, एवढं त्या शिकल्या. पण ऐकत बसत. मी चिडायचो. “नेट बंद करतो म्हणाला तर म्हणा, कर. आणि ठेवा.”

“तुमी ठेवा की, हिशेबनीस. तुमचं काळीज आकड्याचं हाय.”

एका संध्याकाळी आपणहून म्हणाल्या, “भूकंप झाला तवा मी बोर्डावर हुते. सास्तूरकडच्या लाइनी मेलेल्या. पुण्याहून एकजण आईचं नाव सांगून थांबला. लाइन न्हाय म्हणलं तरी ठेवीना. म्हणाला, ताई, तुम्ही तरी ठेवू नका. मग न्हाय ठेवला.”

“पुढं?”

“पुढं काय. दमला, आन् त्यानंच ठेवला.”

त्यानंतर मी चिडणं सोडलं. धास्ती काही सुटली नाही.

ऑपरेशन नीट झालं आणि मावशी तिकडूनच भाचीकडे पुण्याला गेल्या. शेजारी आता कुलूप आहे. ऑपरेशनला जायच्या आधीची एक संध्याकाळ तेवढी सांगतो.

त्या दिवशी कारखान्यात उशीर होणार होता. माझा मोबाइल बंद पडलेला, बायकोचा लागेना. ऑफिसच्या फोनवरून मावशींना लावला, घरी निरोप द्यायला.

“बोला, लाइन चालू आहे.”

“मावशी, मी बोलतोय, जरा—”

फोन बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा बंद.

घरी पोचलो तर मावशी फाटक धरून उभ्या. माझीच वाट बघत असाव्यात.

“हिशेबनीस, आज ठेवला एकाला. मधीच. तुमच्यागत आवाज काढीत हुता मेला. पुन्यांदा केला, तवाबी ठेवला.”

“बरं केलंत.”

फाटकाची कडी बारीक वाजत होती. आत जायला वळल्या आणि थांबल्या.

“पर खरंच कुणाचं काय काम असलं तर हो?”

“नव्हतं,” मी म्हणालो.

त्या फाटक सोडून, भिंत धरत, आत गेल्या.