नंदूभाऊजींचे हायडलबर्गचे दोन दिवस

त्या गुरुवारी सकाळी चारुताने डायनिंग टेबलवर लॅपटॉप उघडला आणि हाक मारली, "बाबा, या इकडे. आज तुमचं इन्शुरन्सचं उरकून टाकू. तो कागद असल्याशिवाय जर्मनीचा व्हिसा नाही मिळत."

चारुता म्हणजे आमच्या विमलताईची सून. गुरुवारी तिचं घरूनच काम असतं. अकराला मीटिंग होती, म्हणून घाई.

नंदूभाऊजी, म्हणजे विमलताईचे यजमान, आंघोळ करून, भांग पाडून शेजारी येऊन बसले. फोटो काढायला बसतात ना, तसे ताठ. विमलताई समोर मेथी निवडत होती.

चारुता एकेक प्रश्न वाचायची आणि मराठीत सांगायची. डायबेटिस? नाही. बीपी? गोळी चालू आहे. ऑपरेशन? हर्नियाचं, पुण्यात, दोन हजार नऊला. मग तिने विचारलं, "गेल्या काही महिन्यांत छातीत दुखणं, दम लागणं, हाताला मुंग्या येणं, असं काही?"

भाऊजींनी विमलताईकडे बघितलं.

विमलताईने काडी मोडली आणि म्हणाली, "नाही म्हणा की. कुठं काय होतंय तुम्हाला."

"नाही," भाऊजी म्हणाले.

चारुताने टिक केलं. पाच मिनिटांत कागद आलासुद्धा. भाऊजींनी तो वाचून बघितला, म्हणजे नाव आणि जन्मतारीख तेवढी वाचली, आणि म्हणाले, "झालं. आता हायडलबर्ग." विमलताई म्हणाली, "उद्या डॉक्टरकडे. बोललेय ना मी." हे ती हळू बोलली, चारुताला ऐकू जाऊ नये म्हणून.

दुपारी मेथीची भाजी, भाकरी खाल्ली. थोडे पडले. अडीचला उठून जाकीट चढवलं आणि नातीला, स्वरदाला, शाळेतून आणायला निघाले. सिडनीच्या टूनगॅबी उपनगरातल्या त्या घरापासून शाळा दहा मिनिटांवर. जाताना म्हणाले, "येताना कोथिंबीर आणू का?" विमलताई म्हणाली, "आहे घरात." एवढंच. शेवटचं बोलणं कोथिंबिरीचं.

शाळेच्या बाहेर विटांची बुटकी भिंत आहे, आजी-आजोबा तिथंच बसून घंटेची वाट बघतात. भाऊजी बसले आणि बसल्या जागी कलले. मुलांना रस्ता ओलांडून देणारा एक म्हातारा गोरा असतो तिथं, हातात स्टॉपची गोल पाटी घेऊन. त्याला कळलं. पाटी टाकून तो धावला, छाती दाबत बसला. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा घंटा व्हायची होती. बाईंनी स्वरदाला वर्गातच थांबवून घेतलं, ते बरं केलं. हॉस्पिटलमध्ये पोचेपर्यंत काही उरलं नव्हतं.

आता हे हायडलबर्ग काय, तर ते सांगायला हवं.

नंदूभाऊजी मूळचे प्रेसवाले. दहावीला दोनदा बसले, जमलं नाही, मग शुक्रवार पेठेतल्या एका छापखान्यात लागले. पहिली चार वर्षं नुसते कागद मोजायचे आणि घड्या घालायच्या. मग अठ्ठ्याऐंशी साली मालकांनी जर्मन ऑफसेट मशीन आणलं. जुनं, दुसऱ्याने वापरलेलं, पण होतं जर्मन. त्याच्यावर पाटी होती, हायडलबर्ग. भाऊजींना ते कंपनीचं नाव वाटायचं. पुढे एका इंजिनियरने सांगितलं, अरे ते गाव आहे, नदी आहे, वर किल्ला आहे. तेव्हापासून डोक्यात बसलं. खंडेनवमीला मशीनची पूजा असायची, तेव्हा हार घालणाऱ्याला ओरडायचे, "पाटी झाकू नकोस रे, गावाचं नाव आहे."

मशीन म्हणजे त्यांचा जीव. पलीकडच्या टपरीवर चहा पीत बसलेले असले तरी आवाजावरून कळायचं, दोन कागद एकदम ओढले गेले म्हणून. ग्लास ठेवून पळायचे. लग्नपत्रिका, शाळेची पुस्तकं, पंचांगं, काय काय छापलं असेल. आमच्या सगळ्यांच्या लग्नाच्या पत्रिका त्यांच्याच हातच्या, आणि कुठल्याच पत्रिकेत गणपतीचा लाल रंग बाहेर सांडलेला नाही. दोन हजार सोळाला प्रेस बंद झाली. मशीन ट्रकवर चढवून कुणीतरी दक्षिणेकडे नेलं. त्या दिवशी घरी येऊन म्हणाले, "पाटी मागून घ्यायला हवी होती." आणि मग तो विषय नाही.

सिडनीत मुलाकडे, सलिलकडे, आल्यावर त्यांना उद्योग काय, तर लेटरबॉक्समध्ये पडणारे दुकानांचे फुकटचे कागद. लोक ते सरळ कचऱ्याच्या बिनमध्ये टाकतात. हे खिशातलं भिंग काढून छपाईच्या रंगांचे ठिपके बघत बसायचे.

"हे बघ, मजेंटा सरकलाय. टोमॅटोला दोन कडा आल्यात."

सलिल म्हणायचा, "बाबा, तो टोमॅटो खायचाय, छापायचा नाही."

स्वरदा म्हणायची, "आजोबा, नोबडी केअर्स."

"मी करतो ना केअर," भाऊजी म्हणायचे, आणि तिला भिंग द्यायचे. मग तीही बघत बसायची.

सप्टेंबरमध्ये दोघं पुण्याला परतणार होते सहा महिन्यांसाठी. सलिलच म्हणाला, सरळ कशाला जाता, जर्मनीवरून जा, दोन दिवस ते तुमचं गाव बघा आणि मग पुणं. भाऊजींना आधी खरंच वाटेना. मग असे लागले तयारीला की बस. एक मोठा कागद घेतला, त्याच्या घड्या घातल्या, पुस्तकाचा फर्मा घालतात तसा आठ पानांचा, आणि त्यात प्लॅन लिहायला घेतला. पहिलं पान, फ्रँकफर्टला उतरणे, ट्रेनने एक तास. दुसरं पान, जुना पूल, त्याच्यावर ब्राँझचं माकड आहे. तिसरं, किल्ला, वर जायला दोरीवरची गाडी. किल्ल्यात दारूचं लाकडी पिंप आहे म्हणे, दोन लाख लिटरच्या वर. विमलताई म्हणाली, "शुक्रवार पेठेतून उठून दारूचं पिंप बघायला चालले."

दुसऱ्या दिवशी त्यांना कारखाना बघायचा होता. तो गावापासून थोडा लांब निघाला.

सलिल म्हणाला, "बाबा, आत नाही सोडणार तुम्हाला."

"आत कशाला? गेटवरून बघीन. पाटी तर दिसेल."

"माणसं किल्ला बघायला जातात," विमलताई म्हणाली, "आणि हे गेट बघायला."

"तू किल्ला बघ. मी गेट बघतो. संध्याकाळी पुलावर भेटू."

असं चालायचं रोज.

पण विमलताईलाही जायचं होतं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. ती कुठं गेलीय हो आयुष्यात? लग्नाला, बारशाला, दहाव्याला. नाहीतर नरसोबाच्या वाडीला. नुसतं बघायला म्हणून कुठंही नाही. तिने चालायचे बूट आणले, करडे. घरातल्या घरात घालून फिरायची, सवय व्हावी म्हणून. पार्कातल्या बायकांना सांगून झालं, इकडे पुण्यात आम्हाला फोनवर सांगून झालं, माकडाचा फोटोसुद्धा पाठवला.

आणि जुलैच्या सुरुवातीला भाऊजी चालताना थांबायला लागले. तिकडे जुलैत थंडी. पार्कातून घरी येताना थोडा चढ आहे. तिथं थांबायचे आणि म्हणायचे, "लिंबाचं झाड काय लगडलंय बघ." दुसऱ्या दिवशी एका घराच्या लिलावाची पाटी वाचत उभे राहिले. तिसऱ्या दिवशी बघायला काहीच नव्हतं. मग म्हणाले, "छातीवर कुणी हात ठेवल्यासारखं होतं गं. जातं पुन्हा. सलिलला सांगू का?"

नेमकं त्याच आठवड्यात पद्माताई म्हणून एक ठाण्याच्या बाई पार्कात बोलल्या होत्या. "इन्शुरन्स काढायच्या आधी डॉक्टरकडे फिरकू नका. एकदा त्यांच्या कॉम्प्युटरवर चढलं की गेलं. आमच्या ह्यांनी सहज घेरी आली म्हणून सांगितलं, तर युरोपचा इन्शुरन्सच नाकारला." बाई चांगल्याच आहेत, मदत म्हणूनच बोलल्या.

विमलताई भाऊजींना म्हणाली, "थोडं थांबा. इन्शुरन्स होऊ दे, मग दुसऱ्याच दिवशी डॉक्टर. आठ दिवसांत काय होतंय."

भाऊजींनी ऐकलं. ते तिचं नेहमीच ऐकायचे. आठाचे सोळा दिवस झाले, कारण चारुताला वेळ मिळत नव्हता. मध्ये एकदा विमलताईने तो आठ पानी फर्मा उघडला. सहाव्या पानावर नदीपलीकडच्या डोंगरातली पायवाट लिहिलेली होती, वरून सगळं गाव दिसतं अशी. ती भाऊजींनी खोडली होती आणि खाली लिहिलं होतं, नदीकाठी बसणे. तिने वाचलं. कागद होता तसा घडी करून ठेवला.

नंतर लोक भेटायला आले. डबे घेऊन आले, बिचारे रजा काढून आले. आणि सगळे एकच म्हणायचे, "तुम्ही सगळं केलंत हो त्यांचं. इच्छा पुरी करायला निघाला होतात." ती खाली बघायची. लोकांना वाटायचं दुःख. इच्छा कुणाची, हे तिचं तिलाच सांगता येईना. त्यांच्यासाठी थांबवलं की त्या करड्या बुटांसाठी? त्यांनी तर विचारलं होतं, सलिलला सांगू का म्हणून. ते सांगायला तयार होते.

हे तिने कुणाला सांगितलं नाही. मनात ठरवलं होतं, हे आपल्याबरोबर जाईल. पण सलिलचं बघवेना. तो कामावर जायचा, यायचा, ताटावर बसून उठायचा. ज्याचा फोन येईल त्याला सांगायचा, "माझं चुकलं. चारुता मला दोनदा बोलली होती, बाबांचं चेकअप करून घे म्हणून. मी म्हटलं हा प्रोजेक्ट संपू दे." विमलताई आतल्या खोलीत बसून हे ऐकायची. एकदा ऐकलं, दोनदा ऐकलं. वजन कमी झालं होतं त्याचं, पट्ट्याला नवीन भोक पाडून घेतलं.

सतराव्या दिवशी शनिवार होता. भाऊजींचे शर्ट धुऊन मागच्या अंगणात वाळत घातले होते, द्यायचे होते कुणाला तरी. सलिल ते काढत होता. विमलताई चिमटे गोळा करायला म्हणून गेली. तो पाठमोराच म्हणाला, "एक ईसीजी, आई. अर्ध्या तासाचं काम होतं. माझ्याच्याने तेवढं झालं नाही."

"तुझ्याच्याने कसं होणार? तुला माहीतच नव्हतं," ती म्हणाली. "मला माहीत होतं."

तो वळला.

मग तिने सगळं सांगितलं. चढ, पद्माताई, आठ दिवस, खोडलेली पायवाट, मेथी निवडत होती तेव्हाचं. काहीच ठेवलं नाही. बुटांचंही सांगितलं.

"ते म्हणाले होते मला सांगू का?" सलिलने विचारलं.

"हो."

"आणि तू नको म्हणालीस."

"थांबा म्हणाले. तेच ते."

"चारुता समोर बसून विचारत होती, तेव्हापण?"

"तेव्हापण."

सलिलने हातातला शर्ट खांद्यावर टाकला. मग म्हणाला, "इन्शुरन्स नसता मिळाला तर गेला नसतात तुम्ही जर्मनीला, आई. एवढंच झालं असतं." तो ओरडला नाही. ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. राहिलेले दोन शर्ट त्याने काढले, घड्या घातल्या आणि आत गेला.

रविवारी तो तिच्याशी बोलला नाही. चारुताला त्याने सांगितलं असावं, कारण तीही गप्प होती, पण तिने विमलताईच्या ताटात न विचारता भात वाढला. त्याने मात्र दोन पोळ्या खाल्ल्या. विमलताईने मोजल्या.

सोमवारी सकाळी तो ऑफिसचे कपडे न घालता बाहेर आला आणि गाडीची किल्ली उचलून म्हणाला, "चल. साडेनऊची वेळ घेतलीय डॉक्टरची. तुझी."

"मला काय झालंय?"

"ते तिथं सांगायचं."

डॉक्टरीणबाई श्रीलंकेच्या होत्या, वयाने सलिलएवढ्या. त्यांनी विचारलं, काय त्रास होतोय. सलिल मराठीत म्हणाला, "सांग. सगळं सांग. मी इंग्लिशमध्ये सांगतो त्यांना."

विमलताईने पदर सारखा केला आणि गुडघ्यापासून सुरुवात केली. मग उठताना येणारी चक्कर सांगितली, जी दोन वर्षं कुणालाच सांगितली नव्हती. मग त्या गुरुवारपासून रात्री झोप लागत नाही, ते. सलिल एकेक वाक्य इंग्रजीत सांगत होता. झोपेच्या वाक्याला तो जरा थांबला, मग तेही त्याने सांगितलं, आणि डॉक्टरीणबाईंनी ते कॉम्प्युटरवर टाइप केलं.