डिकीतला नांगर

मंडळी, आज सकाळी बाबांची जुनी, लांबलचक, ऐसपैस गाडी घेऊन, मागे बाबांनाच बसवून, आरोंद्याहून बांद्याच्या गॅरेजात गेलो होतो. मागच्या सीटवर बसलं की भरतीच्या पाण्यावर बसल्यासारखं वाटतं, अशी गाडी.

हल्ली ती मागून बसली होती. गतिरोधक आला की पोट घासायचं. आमचे मेकॅनिक विलासदादा म्हणाले, कडक स्प्रिंगा आणि कडक शॉकअप घाला, घासणं बंद. पण मग ते डुलणंही जाणार! मासेमारी सोडल्यापासून बाबांना दुपारची झोप लागते ती फक्त या गाडीत. म्हणून मी अडून बसलो, मऊच हवं.

दादांनी डिकी उघडली, चटई उचलली आणि मला हाक मारली. स्टेपनीच्या जागी होडीचा नांगर, साखळीसकट.

मी बाबांकडे बघितलं. ते माडांकडे बघत म्हणाले, "होडी विकलंय रे. नांगर खंय विकलंय?"

दादांनी हात पुसले. "ह्यो ऱ्हवतलो काय जातलो, ता आधी सांगा. स्प्रिंग त्येच्यावर ठरतली."

"राहणार," मी म्हटलं.

तर आता मागे नांगर पेलेल एवढी जाड स्प्रिंग, शॉकअप मात्र मऊ. सामान यायला आठवडा लागेल. तोवर तुम्हीही आपापल्या डिकीतली चटई एकदा उचलून बघाल का?

परतताना आरशात पाहिलं. बाबा झोपले होते. एक हात खिडकीबाहेर, पाण्यात सोडल्यासारखा.