अण्णांचे साहेबी चमचे

आमच्या अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, आयुष्यात एकच चैन केली. नगरच्या कँटोन्मेंटमधल्या एका जुन्या बंगल्याचं सामान विकायला निघालं होतं. बाकीचे लोक कपाटं आणि खुर्च्या बघत होते, आणि अण्णा चांदीचे काटे-चमचे घेऊन घरी आले. आम्ही सगळे हाताने जेवणारे. आईने विचारलं, "याचं करायचं काय?" अण्णा म्हणाले, "जपायचं."

आणि जपले. रविवारी सकाळी ते खिडकीपाशी चटई टाकून बसतात. कोमट पाणी, सौम्य साबण, जुन्या धोतराचे मऊ तुकडे. लगेच कोरडं करायचं, एकेकाला मलमलीत गुंडाळायचं आणि ओल धरू नये म्हणून पेटीत खडूचे तुकडे ठेवायचे. रबराचं तर नावच काढायचं नाही. एकदा आत्याने हौसेने चमच्यांची जुडी करून रबर लावलं, तर चमच्यांवर काळा पट्टा उमटला. त्या दिवशी आत्याला चहासुद्धा कुणी विचारला नाही.

मीठ, चिंच आणि अंडं हे चांदीचे वैरी, म्हणून चमच्यांना अन्न कधी लागलंच नाही. आईही त्यांना स्वयंपाकघरात येऊ देत नसे. "कोण्या साहेबाने या चमच्यांनी काय काय खाल्लं असेल, देव जाणे," असं तिचं म्हणणं.

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत आई स्टुलावरून पडली आणि उजवं मनगट प्लास्टरमध्ये गेलं. मी नेवाशाहून धावत आले. हात बरा होणार होता, पंचाईत जेवणाची होती. डाव्या हाताने ती जेवेना. स्टीलचा चमचा दिला तर म्हणाली, डावा तो डावाच. मी भरवायला गेले की ओठ घट्ट मिटायची. "अजून अंथरुणाला खिळले नाही मी." नुसत्या दुधावर चाललं होतं, आणि डायबेटिसच्या गोळ्या उपाशीपोटी घेता येईनात. डॉक्टर मलाच रागावले. मी चिडले, मग घाबरले, आणि ओट्यापाशी उभी राहून रडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी भात आणि चिंचगुळाची आमटी वाढली. आईने आधी ताटाकडे पाहिलं, मग पेटीकडे.

"अहो, तो चांदीचा चमचा द्या. चांदीला दोष नसतो. डाव्या हातात धरला तरी चालतो."

हा नियम मी पहिल्यांदाच ऐकत होते. मला वाटतं, आईसुद्धा. अण्णांनी आमटीकडे असं पाहिलं, जणू ती घर लुटायला आली होती.

"दहीभात नाही का चालणार? बिनमिठाचा?"

आईने तोंड भिंतीकडे फिरवलं. अण्णा उठले, पेटी उघडली, मलमल सोडली आणि मोठा चमचा तिच्या डाव्या हातात दिला.

त्या हाताला सवय कुठली? पहिला घास पदरावर सांडला. दुसऱ्या खेपेला चमचाच खणकन फरशीवर पडला. आईचे डोळे भरून आले. तिने हात मांडीवर ठेवला, आणि आता ही पुन्हा ताटाकडे बघणार नाही, हे मला कळून चुकलं.

अण्णांनी चमचा उचलला. उजेडात धरून दोन्ही बाजूंनी तपासला, धुतला, पुसला आणि तिच्यासमोर पाट ओढून बसले.

"तुझ्या हातात वाकेल हा. मी धरतो."

"म्हणजे तुम्ही भरवणार?"

"भरवतंय कोण? चमच्याकडे बघायला नको का कुणी?"

आईने जरा विचार केला. "चमच्यासाठी असेल तर ठीक आहे."

अण्णांनी टोकावर चार कोरडी शितं घेतली. लग्नात घास भरवताना म्हणतात तसं 'नाव घ्या' माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, पण गिळलं. आईने घास चावला आणि म्हणाली, "घशात अडकतंय." अण्णांनी डोळे मिटून चमचा दांडीपर्यंत आमटीत बुडवला. आई सगळं ताट जेवली. गोळ्याही घेतल्या.

प्लास्टर निघून आता बरेच दिवस झाले. परवा मी पुन्हा नगरला गेले होते. आईने त्याच उजव्या हाताने भराभर पोळ्या लाटल्या, भाजी परतली, सगळ्यांची ताटं वाढली. मग स्वतःच्या ताटावर बसली, मनगट दुखतंय म्हणाली, आणि हात मांडीवर ठेवून अण्णांची वाट पाहत राहिली.