डिझेलची शेवटची दहा मिनिटं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही — आणि तिला तर मी गॅरेजमधला तुटका बोल्टसुद्धा सांगत असतो. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही.

सोनगीरला अक्कांची पिठाची गिरणी. तिला एक जुनं डिझेल इंजन होतं, माझ्यापेक्षा वयानं मोठं. अक्का ते चालवायच्या हायवेवरच्या ढाब्यांच्या उरलेल्या तळणाच्या तेलावर. धुराला भज्यांचा वास. दळणाला आलेल्या बायका म्हणायच्या, "अक्का, पीठ ऱ्हाऊ दे, भजा दे." मीही हसायचो. मी पडलो आयटीआय शिकलेला फिटर, अक्का चौथी पास.

पण ते तेल त्या आठ दिवस उन्हात निवळू द्यायच्या, मग जुन्या लुगड्याच्या चार पदरांतून गाळायच्या. तेलाची नळी त्यांनी धुराच्या पाइपाला गुंडाळून घेतली होती — तेल तापून पातळ व्हावं म्हणून. कुणी शिकवलं त्यांना हे? कुणीच नाही. इंजन सुरू करायचं डिझेलवर, गरम झालं की तेलावर न्यायचं, आणि बंद करायच्या आधी दहा मिनिटं पुन्हा डिझेलवर. नाहीतर आत राहिलेलं तेल जळून चिकटतं, तेल फवारणारं नोझल तुंबतं. ती दहा मिनिटं त्या इंजनाजवळून हलायच्या नाहीत.

लेकीच्या बाळंतपणाला देवपूरला जाताना त्यांनी गिरणी माझ्यावर सोपवली. आधी इंजनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, उघडायला लावलं. "पाही ले भाऊ. जसं शे तसंच माले परत दे."

मी पाहिलं — आणि थक्क झालो. तीन वर्षं तळणाचं तेल जाळलेलं इंजन, आणि पिस्टनवर डोळ्यात घालायच्या काजळाइतकी मऊ, विरळ काजळी. बोटानं पुसली तर खाली धातू चमकला. नुसत्या डिझेलवरचं इंजनही मी इतकं स्वच्छ पाहिलं नव्हतं. खोटं कशाला सांगू, त्या बाईपुढे हात जोडावेसे वाटले. जोडले नाहीत.

आणि मग? रोज दहा मिनिटं थांबायचं होतं, एवढंच. पण गॅरेजवर गिऱ्हाईक ताटकळायचं. एकदा तेलावरच बंद केलं. काही झालं नाही. मग रोजच तसं केलं. तीन आठवड्यांनी इंजन काळा धूर ओकून बसलं. आत छिन्नीनंही निघेना असा थर, पिस्टनच्या रिंगा चिकटलेल्या.

अक्का परतल्या. मी सांगितलं, हे तेलाचंच काम, कधीतरी होणारच होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "दहा मिनिटं डिझेलवर ठेवत व्हता ना भाऊ?"

"रोज, अक्का."

त्यांनी त्या थरावर नखानं ओरखडून पाहिलं. "मंग मनीच चूक शे," म्हणाल्या, दोष स्वतःकडे घेऊन. भांडल्या असत्या तर — नाही, तरी मी कबूल केलं नसतं.

इंजन भंगारात गेलं, विजेची मोटर आली. पुढं चोपड्याकडचे दोन शेतकरी आले. केळीच्या पाण्याचं इंजन तेलावर कसं चालवायचं, ते त्यांना अक्कांकडून शिकायचं होतं. मी तिथंच बसलो होतो. अक्कांनी चहा दिला आणि म्हणाल्या, "नका करू भाऊ. इंजन मरस. यालेच इचारा, याले बठ्ठं माहीत शे."

दोघं माझ्याकडे, त्या सगळं माहीत असलेल्या माणसाकडे, वळले.

"अक्का खरं सांगतात," मी म्हणालो.