अंबिकाबाईंची थाळी

आमच्या गल्लीतलं प्रसूतिगृह लोकांच्या वर्गणीतून उभं राहिलं होतं आणि अंबिकाबाई तिथल्या दाई. मुलगा झाला की थाळी वाजवायची, ही इंदूरकडची रीत. बाई मात्र मुलगी झाली तरी वाजवायच्या, तीही जास्त जोरात. कुणी नाक मुरडलं तर म्हणायच्या, "तिच्या आईला कळा काय कमी आल्या होत्या?"

स्वातंत्र्यानंतर मध्यभारत राज्य झालं आणि प्रसूतिगृहाच्या कमिटीला एकाएकी शहाणपण सुचलं. मोठं सरकारी इस्पितळ आहे, मग हे कशाला? इथे लग्नाचा हॉल करू! म्हणजे गिरणी कामगारांच्या बायकांनी कळा सोसत टांग्यातून गावभर धक्के खायचे. कमिटीवाल्यांच्या सुनांना काय, मोटारी आहेत.

निरोपाच्या सभेत अध्यक्ष जयसिंगराव प्रगतीवर लांबलचक बोलले. लाज वाटायच्या ऐवजी लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग बाईंना शाल द्यायला बोलावलं. बाईंनी शालीला हातही लावला नाही. पदराआडची थाळी काढून जयसिंगरावांच्या हातात ठेवली.

"जयसिंग, तू इथेच जन्मलास. तेव्हा हीच थाळी वाजवली होती मी. आज पहिल्यांदा वाटतंय, उगीच वाजवली."